घोडी गेल्यानंतर रिकामे राहिलेले हात

तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच रात्र आहे. म्हणून ती आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर इतरांनाही समजेल. तुमच्या वडिलांनी सोलापूर स्टेशनबाहेर अनेक वर्षे टांगा चालवला. रिक्षांमुळे तो धंदा बसल्यावर त्यांनी वरातीसाठी घोडी ठेवली, ती ही मैना. वय वर्षे २२. मे महिन्यात वडील अक्कलकोटला नातेवाइकांकडे गेले होते, त्या रात्री अकराच्या सुमारास ती लोळू लागली, वळून वळून पोटाकडे पाहू लागली. डॉक्टर एक वाजता आले, त्यांनी नाकातून नळी घातली, इंजेक्शने दिली आणि पहाटे पाचला ‘आता हिला सोडवलेले बरे’ असे सांगितले. दयामरणाच्या कागदावर सही तुम्ही केली. वडील सकाळच्या पहिल्या एसटीने पोहोचले, तेव्हा खड्ड्यावर माती लोटून झाली होती.

या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. ७१ वर्षांचे वडील पहाटे चारला उठून रिकाम्या पागेत जाऊन बसतात, नंतर शेताच्या कडेला तिच्या मातीपाशी जातात, तुमच्याशी फारसे बोलत नाहीत आणि निम्मे जेवण ताटात सोडतात. मैनेचाच सात वर्षांचा मोती खुंट्यावर आहे, तोही उतरला आहे. गावात लोक म्हणतात, एका जनावरासाठी इतके कशाला? तुमचे विचारणे असे, की सही करण्यात तुमची चूक झाली का, वडिलांना यातून बाहेर कसे काढावे, मोतीचे काय करावे आणि वडिलांसाठी नवी घोडी आणावी का.

सहीपासून सुरू करतो, कारण तिचे ओझे तुमच्या पत्राच्या ओळीओळीत जाणवते.

घोड्याचे शरीर जितके बलदंड, तितकी त्याच्या पोटाची रचना नाजूक असते. चारशे किलोच्या जनावराचे जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचे असते आणि अन्ननलिका जठराला जिथे मिळते, तिथली झडप इतकी घट्ट असते की घोड्याला उलटी करताच येत नाही. पुढे सुमारे २० मीटर लांबीचे लहान आतडे एका पातळ पडद्याला लोंबकळत असते. पंधरा-सोळा वर्षांच्या पुढच्या घोड्यांत त्या पडद्यावर चरबीच्या गाठी तयार होतात, त्यांना देठ फुटतो, आणि एखाद्या दिवशी तो देठ दोरीच्या फासासारखा आतड्याभोवती गुंडाळला जातो. आतड्याच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, वरून येणारे पाणी अडते आणि उलटे जठरात साठू लागते. नळी घालून ते काढले नाही तर जठर फुटू शकते. मैनेचे पोट उघडून पाहिलेले नसल्यामुळे ही गाठच होती असे मी ठामपणे म्हणणार नाही. मात्र वय २२, नळीतून बादलीभर आलेले हिरवट-पिवळे पाणी आणि वीस मिनिटांत उतरलेला वेदनाशामकाचा असर ही तिन्ही लक्षणे लहान आतडे अडकल्याकडेच बोट दाखवतात.

तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्या माझ्यासारख्या पशुवैद्याला पुरेशा बोलक्या आहेत. डॉक्टरांनी नाडी मोजून ‘शंभर’ म्हटले आणि ओठ उलटा करून हिरडी तुम्हाला दाखवली, ती जांभळट होती. निरोगी घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते. हिरडी गुलाबी आणि ओलसर असते, बोटाने दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. ती जांभळी पडते आणि नाडी शंभरावर जाते, तेव्हा मेलेल्या आतड्यातले विष रक्तात उतरू लागलेले असते. त्या अवस्थेत उरतो तो एकच उपाय, पोट उघडून शस्त्रक्रिया करण्याचा, आणि घोड्याच्या पोटाची मोठी शस्त्रक्रिया आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी होते. पुणे इथून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. त्या वेदनेत, बावीस वर्षांच्या घोडीला, ट्रकच्या हौद्यात उभी करून तिथवर नेणे म्हणजे तिचे मरण रस्त्यावर नेणे झाले असते. त्या रात्री तुमच्या जागी मी असतो तर मीही सही केली असती, आणि त्या डॉक्टरांच्या जागी असतो तर तोच सल्ला दिला असता.

संध्याकाळी तिने तोबऱ्यातला दाणा निम्मा टाकला होता आणि तुम्ही उन्हामुळे असेल म्हणून सोडून दिले, हेही तुम्ही लिहिले आहे. या बाबतीत मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. ती खूण होती. दाणा टाकलेल्या घोड्याच्या कुशीला कान लावून पोटाची गुडगुड ऐकावी, ती मंदावली असेल तर लगेच बोलावणे धाडावे, असे मी प्रत्येक घोडेवाल्याला सांगतो. पण त्याचबरोबर हेही तितकेच खरे आहे, की घोडा हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे वेदना लपवणे त्याच्या हाडीमासी खिळलेले असते, आणि आतड्याला फास बसलेला असेल, तर सातला बोलावल्याने आणि अकराला बोलावल्याने शेवट बदलत नाही. मैनेला आणखी काही तास आधी मोकळे करता आले असते, इतकाच फरक पडला असता. त्या काही तासांचे वाईट वाटत असेल तर वाटू द्या. तिचा जीव तुमच्यामुळे गेला, हे मात्र खरे नाही.

आता वडिलांविषयी. इथे थोडे खोलात जावे लागेल, कारण माणूस आणि घोडा यांच्यात नेमके काय असते ते समजून घेतल्याशिवाय त्यांचे पहाटेचे उठणे तुम्हाला आजार वाटत राहील.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा गाजला होता. त्याला बेरीज विचारली की तो खूर आपटून बरोबर उत्तर देई. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने कसून तपास केला, तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो माणूस घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर चुकते. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके त्याच्याही नकळत किंचित हलत असे, आणि घोडा ते टिपून थांबत असे. पुष्कळांना हा घोड्याचा पराभव वाटला. मला विद्यार्थिदशेत पहिल्यांदा हे कळले तेव्हा उलटेच वाटले होते. ज्या हालचाली माणसाला स्वतःच्या शरीरात जाणवत नाहीत आणि शेजारच्या माणसालाही दिसत नाहीत, त्या हा प्राणी वाचत होता. अलीकडे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की एखाद्या माणसाचे रागावलेल्या चेहऱ्याचे छायाचित्र घोड्याला दाखवले आणि काही तासांनी तोच माणूस साध्या चेहऱ्याने समोर आला, तरी घोडा त्याच्याकडे सावधपणे, डाव्या डोळ्याने पाहतो. म्हणजे चेहराही त्याच्या लक्षात राहतो आणि त्या चेहऱ्यावरचा भावही.

तुमच्या वडिलांना हे संशोधन सांगायची गरज नाही, त्यांना ते अधिक चांगले ठाऊक आहे. बाजाच्या दणदणाटात, फटाक्यांत, नवरदेव पाठीवर अवघडून बसलेला असताना मैना शांत उभी राहिली असेल, ती तिच्या मोरकीला धरलेला हात शांत होता म्हणून. तो हात दचकला असता तर घोडीही दचकली असती. टांग्यातही तसेच. लगाम ताणायच्या आधी, ताणण्याचा विचार मनात येताच बोटे जरा आवळतात आणि मुरलेला घोडा तेवढ्यावर वळतो. वर्षानुवर्षे असे चालले की कोणाचे शरीर कोणाला शिकवते आहे हे सांगता येत नाही. घोडा माणसाचे अंग वाचतो, आणि माणसाचे अंगही घोड्याला धरून घडत जाते. पहाटे चारला डोळा उघडतो, तो दाण्याची वेळ झाली म्हणून. उजव्या हाताला खराऱ्याची लय असते, डावा खांदा मानेच्या उंचीला टेकायला शिकलेला असतो. मग एका सकाळी घोडी नसते, पण त्या शरीराला ते कोणी सांगितलेले नसते.

स्टेशन परिसरातले असे एक वृद्ध टांगेवाले माझ्याकडे येत. नोकरीची माझी सुरुवातीची वर्षे होती. त्यांचा घोडा धनुर्वाताने गेला. शेवटचे तीन दिवस त्याचा जबडा उघडत नव्हता आणि हे काका भरडा पाण्यात कालवून त्याच्या ओठांना लावत राहिले. तो गेला त्याच संध्याकाळी, त्यांना धीर द्यावा म्हणून, मी म्हणालो, ‘काका, दुसरा बघू आपण, ओळखीचा एक आहे.’ त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘डॉक्टर, खुंटा रिकामा झाला म्हणून मी रडत नाही.’ त्यानंतर सहा महिन्यांनी ते मला पार्क चौकात चालताना दिसले. त्यांचा डावा हात कोपरात वाकलेला होता, मूठ अर्धी मिटलेली, अंगठा वर. लगाम धरलेला हात तसाच राहिला होता. मी हाक मारली नाही. पुढे जाऊन त्यांची माफी मागायला हवी होती, ती राहून गेली, आणि तेव्हापासून घोडा गेलेल्या घरी मी त्या दिवशी तरी दुसऱ्या घोड्याचा विषय काढत नाही.

म्हणून वडिलांचे पहाटे उठणे बंद करू नका. घरातल्या कोणी ‘झोपा हो आता, काय काम आहे तिकडे’ असे म्हणत असेल तर त्यांनाही थांबवा. त्यांच्या दुःखाचा मुक्काम विचारांपेक्षा हातांत आणि वेळांत अधिक आहे, तेव्हा धीराच्या शब्दांपेक्षा हाताला त्या वेळेला काम मिळाले तर ते हलेल. चारला उठतात ना, मग चारला मोतीचा दाणा त्यांनीच द्यावा. तुम्ही उत्साहाने ते काम स्वतःकडे घेतले आहे असे पत्रावरून दिसते. ते परत त्यांच्याकडे द्या, विनंती म्हणून द्या: ‘आबा, माझ्या हातून तो खात नाही.’ हे खोटेही ठरणार नाही.

त्यांच्या न बोलण्यामागे एक वेगळे कारण असावे असे मला वाटते, आणि ते कारण राग नसावे. त्यांनी तिला शेवटचे पाहिले नाही. ते निघाले तेव्हा ती कडबा खात होती, परतले तेव्हा माती होती. मधल्या रात्रीची जागा त्यांच्या मनात कोरी आहे, आणि कोऱ्या जागेत माणूस सगळ्यात वाईट तेच भरतो. ती रात्र तुम्ही त्यांना क्रमाने सांगा. अकराला काय दिसले, एकला काय केले, नळीतून काय आले, हिरडीचा रंग कसा होता, तिचे डोके कोणाच्या मांडीवर होते. दयामरणात आधी भूल चढते, शुद्ध हरपते आणि त्यानंतर हृदय थांबते, हेही सांगा. तिला शेवटचा क्षण कळला का, हा प्रश्न ते तुम्हाला विचारणार नाहीत, पण त्यांच्या मनात तो नक्की आहे. सांगताना तुम्हाला रडू आले तर आवरू नका. सहीचा निर्णय योग्य होता हे पटवायचा प्रयत्न मात्र त्या बैठकीत करू नका. हकिगत पूर्ण कळली की टांगेवाल्याला निर्णय आपोआप कळतो. शक्य असेल तर त्या डॉक्टरांना एकदा घरी चहाला बोलवा. मी स्वतः अशा घरी दोन आठवड्यांनी एक फेरी मारतो, आणि त्या फेरीत विचारले जाणारे प्रश्न पहिल्या रात्री कोणी विचारलेले नसतात.

लोकांच्या बोलण्याचे म्हणाल, तर अमेरिकेतील केनेथ डोका या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखाचे वर्णन केले होते: समाज ज्याला दुःख म्हणून जागाच देत नाही असे दुःख. मला वाटते, ते करणाऱ्याला दोनदा सोसावे लागते, एकदा नुकसान म्हणून आणि पुन्हा लाज म्हणून. घरात माणूस गेले तर तेरा दिवस लोक येतात, चूल शेजारची पेटते. घोडी गेली तर संध्याकाळी लोक भाव विचारतात, केवढ्याची होती म्हणून.

खरे तर आपल्या भागात तरी हे व्हायला नको. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांचे घोडदळ उभे राहिले. सोलापूरजवळच्या बाळे गावच्या खंडोबाला जाणारी माणसे घोड्यावरच्या देवापुढे हात जोडतात. दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालून हळद-कुंकू लावतात, मोहरमात नालसाहेबांपुढे लोक डोके टेकवतात आणि ती नाल घोड्याचीच असते. आणि आता आषाढी जवळ आली आहे. माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात आली की पुरंदावड्याला, खुडूसला, ठाकूरबुवांच्या समाधीपाशी, बाजीराव विहिरीला रिंगणे होतील. स्वाराचा अश्व पुढे धावतो आणि त्याच्यामागे माउलींचा अश्व, ज्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. तो दौडून गेला की वारकरी वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. वडिलांना झेपत असेल तर यातल्या एखाद्या रिंगणाला घेऊन जा. तिथे काही समजावून सांगू नका. रिकाम्या पाठीचा घोडा धावताना पाहून शेकडो माणसांचे डोळे भरून येतात अशा ठिकाणी त्यांना थोडा वेळ उभे राहू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. ७१ व्या वर्षी निम्म्या जेवणावर पाच आठवडे हा किरकोळ विषय नाही. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर ती वेळेवर घेतली जाते का ते पाहा, वजन करून घ्या आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सगळे सांगा. मैनेच्या मातीपाशी जाणे हा शोक आहे, त्याची मला काळजी वाटत नाही. पण ‘आता मलाही कशाला राहायचे’ असे उद्गार येऊ लागले, मोतीकडेही त्यांनी पाठ फिरवली किंवा रात्रीची झोप पूर्णच गेली, तर मानसोपचार तज्ज्ञांकडे नेण्यात उशीर करू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांकही जवळ ठेवा.

त्या मातीविषयीही थोडे. पाऊस सुरू झाला की भरलेला खड्डा खचतो. दयामरणासाठी वापरलेले औषध शरीरात दीर्घकाळ टिकते आणि कुत्र्यांनी किंवा गिधाडांनी ते मांस खाल्ले तर त्यांनाही विषबाधा होते, त्यामुळे वर पुन्हा माती घालून, दगड रचून ती जागा घट्ट करणे आवश्यक आहे. हे काम मजुराकडून करून घेऊ नका. वडील आणि तुम्ही दोघांनी मिळून करा, एका सकाळीच झाले पाहिजे असेही नाही.

मोतीविषयी तुमचा समज असा दिसतो, की तो आईच्या दुःखाने खात नाही. तसे असू शकते. घोडा कळपाचा प्राणी आहे. सोबती गेल्यावर घोडे खिंकाळत राहतात, कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालतात, वैरण सोडतात, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. पण पाच आठवड्यांनंतरही अंग धरत नसेल तर सगळे दुःखावर सोडून देणे धोक्याचे ठरेल. दाढांना अणकुचीदार कडा आल्या आहेत का ते तपासून घ्या, लिदीची जंतांसाठी तपासणी करा, सर्रा या रक्तातल्या आजारासाठी रक्त तपासा आणि सकाळ-संध्याकाळ ताप बघा, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे ठीक. पाणी किती पितो ते बादल्या मोजून लिहून ठेवा. आपल्याकडे ज्वारीच्या कोरड्या कडब्यावर घोडे पोसले जातात आणि उकाड्यात पाणी कमी पडले की तोच कडबा पोटात गोळा होऊन बसतो, तेव्हा कडबा बारीक कापून, पाणी शिंपडून द्या आणि लसूणघास थोडा वाढवा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. घोडा उभ्या उभ्या डुलकी घेऊ शकतो, कारण मागच्या पायाची वाटी अडकवून ठेवण्याची सोय त्याच्या शरीरात आहे. पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते, आणि आडवे होण्याइतका विश्वास त्याला बहुधा जवळ दुसरा घोडा जागा असल्यावरच वाटतो. सात वर्षे मोती झोपला तो आई पहाऱ्याला आहे म्हणून. आता तो आडवा होतच नसेल. सकाळी त्याच्या अंगाला गवत-लीद चिकटलेली दिसते का ते पाहा. पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरून खरचटलेले दिसले, तर उभ्याने डुलकी लागून तो गुडघ्यात कोसळतो आहे असे समजा. अशा वेळी सोबत द्यावी लागते. दुसरा घोडा नसेल तर शेळीही चालते, ही जुन्या पागांमधली रीत आहे आणि ती उपयोगी पडते. वडील पहाटे चारला पागेत जाऊन बसतात असे तुम्ही काळजीने लिहिले आहे. ते तिथे बसलेले असताना मोती आडवा होतो का, एवढे एक दिवस लांबून पाहा. माझा अंदाज आहे की होत असेल.

मैनेला पुरण्याआधी मोतीला तिच्याजवळ नेले नाही याची खंत करू नका. मी असतो तर त्याला अर्धा तास वास घेऊ दिला असता, कारण ज्या घोड्यांनी सोबत्याचे कलेवर हुंगलेले असते ते शोधत फिरणे लवकर थांबवतात असा माझा अनुभव आहे. पण तशा रात्री हे सुचत नाही. मैनेची मोरकी आणि घुंगुरमाळ खुंटीवर आहे तिथेच राहू द्या. ती मोतीला चढवायची की नाही, आणि केव्हा, हे वडील ठरवतील. तुमच्या नालबंदाला मात्र लवकर बोलवा, मोतीची नालबंदी लांबली असणार. तो नाल ठोकत असताना पाय धरायला वडिलांना पुढे करा. घोड्याने आपला खूर माणसाच्या मांडीवर टेकवून अंगाचा थोडा भार त्याच्यावर सोडणे, हे मी आजवर दिलेल्या कोणत्याही औषधापेक्षा अशा माणसांना अधिक लागू पडलेले पाहिले आहे.

राहिला नव्या घोडीचा प्रश्न. आज आणू नका, आणि अचानक दारात उभी करून वडिलांना चकित तर मुळीच करू नका. मी त्या टांगेवाल्या काकांपुढे जे केले तेच तुमच्या हातून होईल. शिवाय घाईत आणलेल्या घोडीची दिवसरात्र मैनेशी तुलना होते आणि तिचे वागणे बिघडते. अकलूजचा घोडेबाजार दिवाळीच्या सुमारास भरतो, त्याला अजून काही महिने आहेत. तोवर मोती सुधारला आणि वडील जेवू लागले, तर त्यांना बाजार बघायला म्हणून घेऊन जा. पैसे सोबत ठेवा, पण त्यांना सांगू नका. घोड्यांच्या रांगांतून त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही चार पावले मागे राहा आणि त्यांच्या हातांकडे पाहा. एखाद्या घोडीपाशी थांबून त्यांनी तिच्या नाकपुडीपुढे तळवा धरला, आपणहून तिचा ओठ उचलून दात पाहिले, तर भावाची बोलणी तुम्ही सुरू करा. तसे काही घडले नाही, तर दोघे चहा घ्या आणि संध्याकाळच्या दाण्याच्या आत मोतीकडे परत या.